आधी उतरणारा शमुवेल

गोदावरीवर पूल व्हायचा होता आणि बैलगाड्या पाण्यातूनच पलीकडे जायच्या, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षं झाली तिला. केळपिंपरीत चर्चच्या मागं दहा-बारा घरांची ख्रिस्ती वस्ती होती आणि त्या वस्तीत शमुवेलबाबा नावाचा विहिरी खोदणारा राहत होता. अंगानं काटकुळा, बोलायला कंजूष. त्यानं खोदलेल्या विहिरीला पाणी लागलं नाही असं कधी झालंच नाही, असं म्हणतात. आता म्हणणारे त्याचेच भाऊबंद, तेव्हा त्यातलं थोडं आपण सोडून देऊ.

त्याचा एक नियम मात्र अगदी खरा. खोल विहिरीत कधी कधी वाईट हवा साठते आणि उतरलेला माणूस गुदमरून पडतो. म्हणून आधी तो स्वतः उतरायचा, तळाशी बसून चार श्वास घेऊन बघायचा, आणि मगच वरच्या गड्यांना हाक मारायचा, "या, बरं हाय." वस्तीतल्या कबरीही तोच खणायचा आणि तिथंही नियम सोडायचा नाही. कबर खणून झाली की आत उताणा निजायचा, डोळे मिटून प्रार्थना करायचा आणि मग वर येऊन मेलेल्या माणसाला तेच सांगायचा. पोरं फिदीफिदी हसायची. जाणाऱ्याला हवेचं काय, असं पाळकसाहेबांनी एकदा त्याला समजावलं. बाबानं मान डोलावली आणि पुढच्या कबरीत पुन्हा निजला.

मग गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं, साल आलं. घराघरांत उंदीर मरून पडू लागले आणि लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले. मागं राहिले ते आजारी आणि त्यांना सोडून न जाणारे. रिबका त्यांतली एक. तिचा नवरा मार्गशीर्षात गेला. पौषात तिची सहा वर्षांची दीना अंथरुणाला खिळली.

दीनाला भीती एकच, एकटं निजायची. आईचा अंगठा मुठीत धरल्याशिवाय ती डोळा मिटायची नाही. तापातही तिनं तो सोडला नाही. मूठ सैल पडली तेव्हा दुपार होती. रिबकानं अंगठा पुन्हा त्या मुठीत घातला आणि दुसऱ्या हातानं दाराला कडी लावली.

ती तशीच बसून राहिली, दुसरी दुपार झाली तरी. ऊन आत येऊन रोग मरावा म्हणून गावातल्या घरांची कौलं उतरवून ठेवली होती आणि ते ऊन थंड चुलींवर पडलं होतं. कुत्रं भुंकत नव्हतं. शेजारच्या घरातून जात्याची घरघर तेवढी येत होती, असं म्हणतात, आणि त्या घरातल्या सखुबाईला तर मंगळवारीच पुरलं होतं. रिबकाला त्या घरघरीचं काही वाटलं नाही. तिला भ्यायला दुसरंच होतं.

पाळक आणि शमुवेलबाबा दाराशी आले. "रिबकाबाई, दार उघडा," पाळक म्हणाले. "पोर देवाघरी गेली. तिला अडवून ठेवू नका."

"देवाघरी गेली आसंल, साहेब," ती आतून म्हणाली. "पर मधी ती माती हाय ना. तिथं तिला येकटीला कोन हाय?"

त्या महिन्यात प्रार्थना म्हणून म्हणून पाळकांचा घसाच बसला होता. शमुवेलबाबा उंबऱ्याला टेकून बसला. "म्या आधी उतरून बघतो, बाई," तो म्हणाला. "वाईट आसंल तर तसंच सांगीन. मग तू तिला घेऊन माघारी ये. तुला कुनी अडवनार न्हाई."

बाबा कधी खोटं बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं कडी काढली.

कडुनिंबाखाली बाबानं खणून ठेवलेली कबर छातीएवढीच खोल होती. रिबका पोरीला मांडीवर घेऊन काठावर बसली आणि बाबा खाली जाऊन निजला. नेहमी तो लगेच वर यायचा. त्या दिवशी आला नाही. पाळकांनी वाकून पाहिलं, तर भर दुपारी खड्ड्याचा तळ दिसेना. आतून गार वारा येत होता. मग फार खोलातून, पन्नास हात खोल विहिरीतून यावा तसा, बाबाचा आवाज आला. तो कुणाशी तरी बोलत होता. मध्येच थांबायचा, समोरच्याचं ऐकून घ्यावं तसा, आणि पुन्हा बोलायचा. निंबाचं पान हलत नव्हतं. पाळकांनी गुडघे टेकले, असं म्हणतात.

मग बाबाचा हात काठावर आला. अंगावर माती कोरडी होती, पण केस विहिरीतून वर आल्यासारखे ओले होते.

"माती ऊन हाय, बाई," तो म्हणाला. "माज्या आधी कुनीतरी निजून गेलंय तिथं."

रिबकाचा विश्वास बसेना. दीनाला पाळकांच्या हातांत देऊन ती स्वतः खाली उतरली. पौषातली माती, पायाला झोंबावी अशी. पण तळाला हात लावला आणि ती दचकली. नुकतंच कुणी अंथरुणातून उठून गेल्यासारखी ऊब होती. ती चाचपत गेली. ऊब खांद्यांपाशी होती, टाचांपाशी होती, आणि निजणारा शमुवेलबाबापेक्षा वीतभर उंच होता.

तो कोण, हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. आपला प्रभूही मातीत निजला होता आणि तिथून उठला, हे ती लहानपणापासून दर ईस्टरला ऐकत आली होती. ऐकलं होतं, पण हाताला कधी लागलं नव्हतं. तेव्हा ती पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, आणि रडता रडता तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. मग तिनं आपल्या हातांनी दीनाला त्या उबेत निजवलं, अंगठा एकदा तिच्या मुठीत दिला आणि मग काढून घेतला.

वर्षं गेली. शमुवेलबाबा म्हातारा होऊन वारला. कबर तयार झाली, पण आधी उतरायचं कुणी? पुरुषमाणसं एकमेकांकडं बघू लागली. तेव्हा पिकल्या केसांच्या रिबकानं पदर खोचला आणि ती खाली जाऊन निजली. इतका वेळ निजली की लोक घाबरले. वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

"ऊन होती का, आजी?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "गार होती. म्हनून तर थांबले, ऊन होईस्तोवर."

केळपिंपरीत आजही पेटी खाली सोडण्याआधी घरातलं एक माणूस कबरीत उतरतं आणि थोडा वेळ निजतं. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलंसुद्धा इस्तरीच्या कपड्यांनिशी उतरतात. त्याला शमुवेलची पाळी म्हणतात. वर आलेल्या माणसाला लोक हात देतात, पाणी देतात. खाली माती गार होती की ऊन, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही.