थंड भट्टीची पहिली पाळी

विषय : आल्प्स पर्वतातील एका जवळजवळ ओसाड गावाची ग्रामीण वारसा म्हणून दुरुस्ती करण्याबाबत.
संदर्भ : त्याच गावातील एका म्हातारीचा अर्ज.

वरील विषयी सादर करण्यात येते की, उंच डोंगराच्या खांद्यावरील एका गावात दोनच माणसे उरली होती. वरच्या अंगाला एक म्हातारी आणि खालच्या अंगाला शेळ्या पाळणारा एक म्हातारा. बाकी घरे रिकामी होती आणि त्यांची दगडी पाट्यांची छपरे दर हिवाळ्यात बर्फाखाली थोडी थोडी बसत चालली होती. घरांचे मालक खालच्या खोऱ्यात राहायला गेले होते. तिथे शाळा होती, दवाखाना होता, आणि गावाच्या आठवणीने हळहळायला भरपूर वेळही होता.

गावाच्या मधोमध पाव भाजायची सामाईक भट्टी होती. ती एवढी मोठी, की तापवायची तर सगळ्या गावाची लाकडे लागत. म्हणून पाळ्या असत. पहिली पाळी कोणालाच नको असे. कारण पहिल्याची लाकडे थंड दगड तापवण्यातच जळून जात आणि त्याचा पाव कच्चाच राही. मागून येणाऱ्यांचे पाव खरपूस निघत. तेव्हा पहिला माणूस चिठ्ठ्या टाकून ठरे, आणि नंतर भाजणाऱ्या प्रत्येक घराने आपला एक पाव त्याला द्यायचा, अशी रीत होती.

पुढे माणसे कमी झाली आणि भट्टी फक्त कोणी वारले म्हणजेच पेटू लागली. तेव्हा खोऱ्यातले प्रत्येक घर पीठ आणि एक ओंडका घेऊन वर येई, मयताचा पाव भाजून खाई, आणि दिवेलागणीच्या आत परत जाई.

एकदा हिवाळा तोंडावर आला असताना वारसा खात्याचे एक साहेब गाव पाहायला आले.

"आजीबाई, काय सुंदर गाव आहे! हा तर वारसा आहे."

"मग छपरं दुरुस्त करून द्या."

"तिथंच अडचण आहे. आमची योजना ओसाड गावांसाठी आहे. तुम्ही तर इथं राहता."

"बरं, दरीवरचा पूल तरी? त्याच्या फळ्या कुजल्यात."

"पूल दुसऱ्या खात्याकडे. त्यांच्या मते हे गाव ओसाड आहे. बर्फ पडायच्या आत ते पूल काढून नेणार आहेत."

"म्हणजे तुमच्या लेखी आम्ही आहोत आणि त्यांच्या लेखी नाही?"

"अगदी बरोबर समजलात!" साहेब कौतुकाने म्हणाले. त्यांनी म्हातारीचा अर्ज घेतला, शेळीचे दूध प्यायले, ते चांगले असल्याचे सांगितले आणि निघून गेले.

पूल गेला म्हणजे गाव गेले. दोघांना खाली वृद्धाश्रमात जावे लागणार होते आणि मग वर यायला वाटच उरणार नव्हती. म्हातारीने खोऱ्यातल्या घराघरांत निरोप धाडला : कोणी राहायला या. उत्तर सगळ्यांचे एकच आले. "येऊ की! आधी दुसरं कोणी येतंय का बघा, मग कळवा."

"सगळ्यांना दुसरी पाळी हवी आहे," म्हातारी म्हणाली, आणि हिवाळ्यासाठी रचून ठेवलेली आपली लाकडे भट्टीकडे नेऊ लागली.

शेळ्यावाला म्हातारा कुंपणावर टेकून पाहत होता. "बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? ही जाळलीस तर थंडीत काय करशील?"

"धूर दिसला की त्यांना कळेल, भट्टी तापली आहे. तापलेल्या भट्टीकडे माणसं येतात."

"आणि नाही आली तर?"

"तर हिवाळाभर तुझ्या चुलीशी येऊन बसेन. बोलत."

म्हातारा चपापला. थोड्याच वेळात तो स्वतःचीही लाकडे घेऊन आला.

भट्टीतून धूर निघाला तो खोऱ्याने पाहिला. आता भट्टीच्या धुराचा अर्थ खोऱ्यात एकच उरला होता. "गेली बिचारी," लोक म्हणाले. त्यांनी काळे कपडे घातले, पीठ घेतले, ओंडके खांद्यावर टाकले. सुताराने शवपेटीसाठी चांगल्या जाड फळ्या घेतल्या. पुलावर लठ्ठ खाटकाचा पाय एका कुजक्या फळीतून आरपार गेला. त्याला ओढून काढून मंडळी वर पोचली.

भट्टीपाशी म्हातारी कोपरापर्यंत पिठाने माखलेली उभी होती.

"अगं बाई, एवढी माणसं! कोण गेलं?"

सुतार खाकरला. "आजी, तुम्ही."

"मी? मला कोणी कळवलं नाही."

"मी सांगणार होतो," शेळ्यावाला म्हणाला, "पण ती कामात होती."

खाटकाला आधी हसू फुटले, मग सगळ्यांना. ओंडके परत खाली न्यायची कोणाचीच तयारी नव्हती, म्हणून ते भट्टीत गेले. कणीक मळून झाली. ती फुगेपर्यंत करायला काही नव्हते, तेव्हा जो तो आपापले घर बघून यायला गेला. एकाने छपरावरची घसरलेली पाटी सहज जागेवर सरकवली. शेजारच्याने ते पाहिले आणि तोही छपरावर चढला. खाटकाला वडिलांचे स्टूल सापडले. तो त्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

पाव खरपूस निघाले. त्या दिवशी चिठ्ठ्या कोणी टाकल्या नव्हत्या, पण रीत सगळ्यांना आठवली. प्रत्येक घराने आपला एक पाव म्हातारीच्या खिडकीत ठेवला. तिचा स्वतःचा पाव पांढराफटक होता. तो शेळ्यांनी खाल्ला.

म्हातारीने खिडकीकडे पाहिले. तिने हातांचे पीठ झटकले. मग ती म्हणाली, "माझं मयत फार चांगलं केलंत. देव तुमचं भलं करो. असंच दरवर्षी करत जा."

परतताना सुताराने शवपेटीच्या फळ्या पुलाला ठोकल्या. खाटीक आपला कोट मुद्दाम वरच विसरला, म्हणजे रविवारी आणायला यावे लागेल.

रविवारी तो एकटा आला नाही. पूल काढायला माणसे आली, तेव्हा पुलावरून छपरांच्या पाट्या, खिडक्या आणि एक पाळणा वर चालला होता. हत्यारे ठेवायला जागा मिळेना. 'पूल वापरात आहे' असा शेरा मारून ती माणसे गेली.

त्या हिवाळ्यात बऱ्याच घरांतून धूर निघाला. म्हातारीच्या भिंतीला लाकडांची नवी रास लागली, तिने जाळली त्याहून मोठी. रोज पाव मोडताना ती एकेका घराचे नाव घेऊन आभार मानी, आणि मग शेळ्यावाल्याच्या चुलीशी जाऊन बसे. बोलत.

तात्पर्य : ज्याच्या मयताला ओंडका घेऊन जाणारच आहोत, त्याच्याकडे तो थोडा आधी न्यावा, म्हणजे भट्टीही तापते आणि आभार मानायला माणूसही जागेवर असतो.

सद्यःस्थिती : गाव ओसाड असल्याचा दाखला, गावातील रहिवाशांच्या सहीनिशी, अर्जासोबत जोडावा, असे वारसा खात्याने कळविले आहे. रहिवासी छपरांवर असल्याने सह्या मिळालेल्या नाहीत. अर्ज प्रलंबित आहे.