दयेचा डाव

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याच्या सीमा आज कोणालाच दाखवता येणार नाहीत. पण मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, त्या राज्यात दरवर्षी सुगी संपली की एक जत्रा भरत असे, आणि त्या जत्रेत झुंजी होत.

ती नुसती कुस्ती नव्हती. हाताने मारा, पायाने मारा, उचलून आपटा, खाली पाडून आवळा, सगळं चालत असे. नियम दोनच. डोळ्यांत बोट घालायचं नाही, आणि समोरच्याने हाताने माती थोपटली की त्याला त्याच क्षणी सोडायचं. माती थोपटणं म्हणजे 'हरलो' म्हणणं. दिवसभर लहानमोठ्या झुंजी चालत. उन्हं कलली की शेवटची, मानाची झुंज लागे. ती पाहायला राजा स्वतः येऊन बसे.

ही मानाची झुंज वर्षानुवर्षं एकच माणूस जिंकत आला होता. सुभानजी त्याचं नाव. तो शड्डू ठोकी तेव्हा झाडावरची पाखरं उडून जात, असं लोक सांगत. थोडं वाढवून सांगत, पण फार नाही.

मग केस पिकू लागले. सकाळी उठताना डावा गुडघा कुरकुरू लागला. समोरून येणारा ठोसा डोळ्यांना दिसे, पण मान वळेपर्यंत तो लागलेला असे. गेल्या जत्रेत डोंगराकडच्या भिवा नावाच्या तरुण गड्याने सुभानजीला हरवलं, आणि त्या झुंजीत सुभानजीचा खांदा निखळला.

तेव्हापासून पारावर दोन तट पडले.

"वाघ म्हातारा झाला म्हणून गवत खात नाही," एक म्हणे.

"गवत खात नाही हे खरं," दुसरा म्हणे, "पण म्हाताऱ्या वाघाला हरीणही सापडत नाही."

सुभानजीच्या कानावर दोन्ही पडे. तो घरी येऊन अंगणात जोर काढी, बैठका मारी आणि घाम पुसता पुसता मनाशी म्हणे, "पाहू."

जत्रा जवळ आली तसा जत्रेचा कारभारी त्याच्या घरी आला. "सुभानजी, यंदा तुम्ही आणि भिवा, पुन्हा एकदा! तुमचं नाव ऐकलं की माणूस चार गावं ओलांडून येतो. तुम्ही अजून तेच आहात हो, तेच!"

सुभानजीने होकार दिला. त्याची बायको गोजरा आत धान्य पाखडत होती. कारभारी गेला तशी ती सूप ठेवून बाहेर आली.

"अहो, एक विचारू? तुम्हाला लढायचंय, की गेल्या सालची हार पुसायचीय?"

"दोन्ही एकच."

"एक कसं? गेल्या साली वेळेवर माती थोपटली असती तर खांदा वाचला असता. तुम्ही थोपटली नाहीत. मग सगळा हिवाळा मी तुम्हाला घास भरवला."

"तेव्हा अंगात ताप होता माझ्या. म्हणून हरलो."

"ताप नव्हता," गोजरा हळूच म्हणाली. "मी कपाळाला हात लावून पाहिलं होतं."

सुभानजीने अंगणातल्या मातीकडे पाहिलं. मग म्हणाला, "गोजरे, आखाड्यात उतरलो नाही, तर मी कोण?"

तिच्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. पण त्यातलं एकही त्याला पुरणार नाही हे तिला कळलं, म्हणून ती परत आत गेली.

जत्रेच्या आदल्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. भिवा आमराईत उतरला होता, तिथे ती गेली. तो भाकरी खात होता. तिला पाहताच हात झटकून उभा राहिला.

"काकी, तुम्ही इकडे?"

"बाबा, तू तरणा आहेस. अशा जत्रा तुला खूप येतील. आमच्या घरात एवढाच एक माणूस आहे. त्याला मोडू नकोस."

बापाच्या खांद्यावर बसून भिवाने ज्याच्या झुंजी पाहिल्या, ज्याचे डाव बघून बघून डोंगरावर एकट्याने घोटवले, तो सुभानजीच होता. "काळजी करू नका, काकी," तो म्हणाला. "त्यांना काही होणार नाही."

गोजरेने हाड मोडू नकोस एवढंच मागितलं होतं. भिवाने मनाशी त्याहून जास्त देऊन टाकलं. वाईट दोघांच्याही मनात काही नव्हतं.

जत्रेचा दिवस आला. उन्हं कलली, हलग्या वाजू लागल्या, राजा येऊन बसला. दोघांनी कपाळाला माती लावली आणि झुंज सुरू झाली.

भिवाचे ठोसे येत होते, पण खांद्यावर, दंडावर. सुभानजी खाली वाकला आणि त्याने भिवाच्या पायांना मिठी घालून ओढलं. भिवा धाडकन पडला. लोक ओरडत उभे राहिले. "वाघ! वाघ!" सुभानजीच्या अंगात जुनं रक्त उसळलं. त्याने भिवाच्या पाठीवर झेप घेतली, मानेभोवती हात घातला आणि आता आवळणार, तोच त्याला दिसलं की भिवाचा हात माती थोपटायला वर उचलला गेला आहे.

सुभानजीचा हात जागच्या जागी थांबला.

त्याने आयुष्यात असंख्य माना आवळल्या होत्या आणि स्वतःचीही आवळून घेतली होती. श्वास अडकायच्या आधी कोणी माती थोपटत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो भिवाच्या कानाशी वाकला.

"मी अजून आवळलंच नाही. हात का उचललास?"

भिवाने उचललेला हात खाली घेतला.

"कारभाऱ्याने सांगितलं?"

"नाही, वस्ताद. काकी आल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की मोडू नकोस. पुढचं माझं मीच ठरवलं."

सुभानजीने बायकांच्या बाजूला पाहिलं. गोजरेने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

त्या क्षणी खरी गोष्ट फक्त त्या दोघा गड्यांना ठाऊक होती. सुभानजीने हात आवळायचा, भिवाने माती थोपटायची, की गुलाल उधळला जाणार होता. पारावरची तोंडं बंद होणार होती. गेल्या सालची हार पुसली जाणार होती. आणि त्याला ते हवं होतं. हवं नव्हतं असं मी सांगितलं, तर ते खोटं होईल.

तरी त्याने हात सोडला. तो उठला आणि राजासमोर जाऊन उभा राहिला.

"महाराज, ही झुंज मोडा आणि नव्याने लावा."

राजा चकित झाला. "का? तुम्ही तर जिंकत होतात."

"जिंकत नव्हतो, महाराज. मला जिंकवलं जात होतं."

लोकांत कुजबुज उठली. राजाच्या कपाळावर आठी पडली. त्याने भिवाकडे पाहिलं, तसा सुभानजी मध्ये आला.

"त्याला बोल लावू नका. त्याने मायेने केलं. पण मी म्हातारा झालो आहे की नाही, आणि झालो असेन तर किती, हे मला कळायला हवं. पारावरचे लोक मला ते सांगू शकत नाहीत, कारभारी सांगणार नाही. सांगेल तर हा एकटा सांगेल, आणि तेही खरा लढला तरच."

राजाने मान हलवली. हलग्या पुन्हा वाजल्या. सुभानजी भिवासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्याबद्दल खरंच काही वाटत असेल, तर मार."

आणि भिवा लढला.

पहिलाच ठोसा असा बसला की सुभानजीच्या कानात भुंगे गुणगुणले. पण तो हटला नाही. पायांत वेग नव्हता, तो त्याने अकलेने भरून काढला. भिवाला चुकायला लावलं, दमवलं, खोटी पाठ दाखवून जवळ बोलावलं. एकदा तर भिवाचा हात खांद्यावर घेऊन त्याने अशी धोबीपछाड मारली की भिवाच्या पाठीखालची माती उडाली. या वेळी भिवाच्या डोळ्यांत खरी भीती होती. ती पाहून सुभानजीला जे वाटलं, ते कुठल्याही गुलालाने वाटलं नसतं.

पण दम संपत आला. भिवाची लाथ मांडीवर बसली, गुडघा लचकला, आणि सुभानजी खाली आला. भिवाने त्याचा हात पिरगळून पाठीशी लावला. गेल्या साली निखळलेला तोच खांदा. सुभानजीला कळलं की अजून थोडा जोर लागला की तो पुन्हा निखळणार.

त्याने मोकळ्या हाताने माती थोपटली.

भिवाने तत्काळ त्याला सोडलं. कोणी ओरडलं नाही. दोघे मातीत तसेच शेजारी शेजारी धापा टाकत बसले. भिवाच्या ओठातून रक्त येत होतं.

"वस्ताद, त्या पछाडीला माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले."

"खरंच?"

"आईशपथ."

सुभानजी मोठ्याने हसला. हे बोलणं त्याने जसंच्या तसं खरं मानलं, कारण आता तसं मानता येत होतं.

घरी जाताना गोजरा मागून चालत होती. ओढा ओलांडल्यावर तिने विचारलं, "रागावलात?"

"हो."

"फार?"

"आखाड्यात फार होता. आता थोडा उरलाय."

"मला तुमचा जीव हवा होता हो. विजय कोणी मागितला होता?"

"ठाऊक आहे. पण यापुढे भीती वाटली तर मला सांग. माझ्याशी लढणाऱ्याला सांगू नकोस."

"आणि तुम्ही ऐकाल?"

सुभानजीने चालता चालता विचार केला. "ऐकेनच असं नाही. पण तापाचं खोटं सांगणार नाही."

गोजरेला हसू आलं. तिने पुढे होऊन त्याच्या दुखऱ्या हाताखाली आपला खांदा दिला, आणि त्याने तो झिडकारला नाही.

पुढल्या वर्षी कारभारी पुन्हा आला. "मानाची झुंज तुमचीच!" म्हणाला. सुभानजीने हात जोडून नकार दिला. पण जत्रेच्या दिवशी सकाळी, दव वाळायच्या आत, बसायच्या जागा रिकाम्याच असताना, तो लंगोट कसून लहान झुंजींच्या रांगेत उभा राहिला. तिथे कोणी नवखा असे, कोणी त्याच्यासारखाच पिकल्या केसांचा. काही झुंजी तो जिंकला, काही हरला, आणि उन्हं कलल्यावर राजाजवळ न बसता लोकांत बसून भिवाची झुंज पाहताना घसा बसेपर्यंत ओरडला. असं पुढे बरीच वर्षं चाललं.

पारावर कोणी विचारलं, "काय सुभानजी, अजून लढता येतं का?" तर तो म्हणे, "लढता येतं. भिवाला हरवता येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढंच मला आधी माहीत नव्हतं."

म्हणून जाणती माणसं सांगतात: दयेने मिळालेला विजय माणसाला आंधळा ठेवतो, आणि खरी हार त्याला त्याची जागा दाखवते, जिथे तो मान ताठ ठेवून उभा राहू शकतो.