अकरा गेले, बारावी ठकूबाई

आमच्या घाटावर मोटारीचा रस्ता नव्हता, बाजार गाठायचा तर पायवाटेने अर्धा दिवस मोडायचा, त्या काळातली ही गोष्ट. मी आजोबांकडून ऐकली, त्यांनी त्यांच्या चुलत्याकडून. सांगता सांगता कुठे चार गोष्टी वाढल्या असतील, कुठे दोन गळल्या असतील. पण आमच्या माळेवाकडीत कुणालाही विचारा, मुकिंदा जिनगर होऊन गेला याबद्दल कुणाला शंका नाही. तो होता तेव्हा मात्र त्याच्याबद्दल शंकेशिवाय दुसरं काही नव्हतं.

मुकिंदा खालच्या मुलखातून वर आला. तट्टावर एक लाकडी पेटी, तीन पायांची घडवंची, काचांची खोकी, आणि मागून चालत त्याची बायको ठकूबाई. त्याचा बाप घोड्यांची जीनं शिवायचा. एका साहेबाचं जीन शिवायला गेला असताना मुकिंदाने फोटो काढायची पेटी पाहिली आणि तिथेच चिकटला. साहेब विलायतेला जाताना ती पेटी त्याला देऊन गेला, असं म्हणतात. चोरली, असंही म्हणतात.

वेशीबाहेरच्या धर्मशाळेत त्याने एक खोली घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर खिडकी चिखलाने लिंपून टाकली. आत तांबड्या काचेचा कंदील लावला. दार लावून आत शिरला की तास-तासभर बाहेर येत नसे, आणि फटीतून आंबूस वास यायचा. आता दिवसाढवळ्या अंधार करून बसणाऱ्या माणसाबद्दल गावाने काय समजावं?

तरी त्याला पहिलं बोलावणं आलं ते थेट पाटलाच्या घरून. थोरले पाटील अंथरुणाला खिळले होते. वैद्याने हात टेकले होते. त्यांचा मुलगा नारबा पाटील म्हणाला, "बाबांचा चेहरा तरी घरात राहू दे." चार जणांनी थोरल्यांना उचलून ओट्यावर आणलं, लोडाला टेकवलं, डोक्यावर पागोटं ठेवलं. मुकिंदा काळ्या फडक्याखाली शिरला, बाहेर आला, पेटीच्या डोळ्यावरचं पितळी टोपण काढलं, एक ते दहा आकडे मोजले आणि टोपण लावलं. चौथ्या दिवशी थोरले पाटील गेले.

तेराव्याला फोटो भिंतीवर लागला. असा हुबेहूब, की सुना त्याच्यासमोरून जाताना पदर सावरायच्या. मग काय, दुसऱ्या घरांनाही वाटायला लागलं. पाटलाच्या बापाला मान, मग माझ्या सासूने काय पाप केलंय? एकेका घरातून बोलावणं यायला लागलं. पण कधी? माणूस धडधाकट असताना कुणी बोलावत नसे. जिवंत माणूस समोर वावरतोय, त्याचा फोटो कशाला हवा? वैद्य उठून गेला की मुकिंदाकडे माणूस धावायचा. दोन वर्षांत अकरा जण त्या पेटीसमोर बसले आणि अकराच्या अकरा गेले.

ही गोष्ट पहिल्यांदा बोलून दाखवली राहीबाई सुईणीने. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे तिच्या तोंडाला कुणी आडवं जात नसे. नदीवर धुणं धुताना ती म्हणाली, "अगं, त्या जिनगराने बसवलेला एक तरी वाचला का?"

बायकांचे हात थांबले. एकेकीने आठवून पाहिलं. एकही नाही.

त्या दिवसापासून सगळ्याचाच अर्थ लागायला लागला. तो आकडे का मोजतो? आयुष्याचे उरलेले दिवस मोजतो. तोंडावर फडकं का घेतो? मरणाऱ्याने बघू नये म्हणून. त्यात एकदा कुंभाराची सून धर्मशाळेवरून जात होती. उन्हात वाळत ठेवलेली काच तिने उचलून पाहिली, तर तिचाच मेलेला सासरा. पांढरी दाढी काळी झालेली, तोंड काळंठिक्कर आणि डोळ्यांच्या बाहुल्या पांढऱ्या. ती ओरडत गावात आली. काचेवर माणूस आधी उलट्या रंगाचा उमटतो आणि कागदावर उतरला की सुलटा होतो, हे मुकिंदाने समजावलं. पण समजावणाराच संशयाचा धनी, त्याचं कोण ऐकणार?

तो रस्त्याने निघाला की आया लेकरांची तोंडं पदराखाली घ्यायच्या. ताकाला गेला तर ताक संपलेलं असायचं. काही घरांनी फोटो भिंतीकडे तोंड करून टांगले. ठकूबाई पाणवठ्यावर गेली की बाकीच्या घागरी मागे सरायच्या. मुकिंदा एकदाच चावडीवर म्हणाला, "पाटील, मला बोलावता कधी, याचा जरा विचार करा." आज आपल्याला हे बसल्या जागी कळतं. पण ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याला एवढंसं कळायलाही फार वेळ लागतो.

शेवटी पंच बसले. ठरलं, की जिनगराने आठ दिवसांत गाव सोडावं.

तेव्हा ठकूबाईला सातवा लागला होता. याआधी तिची दोन मुलं पोटातच गेलेली. घाटाची वाट नुसते दगड आणि उतार.

मुकिंदा म्हणाला, "एवढं बाळंतपण होऊ द्या. मग सांगाल तिकडे जातो."

"तट्टावर बसव तिला," कुणीतरी बोललं.

"हां, बसव," राहीबाई म्हणाली. "म्हणजे घाटातच मोकळी होईल. तू जाशील का रे धरायला?" त्याला गप्प करून ती मुकिंदाकडे वळली. "ती राहील बाळंत होईस्तोवर. पण मला एक सांग, जिनगरा. एवढ्या लोकांना बसवलंस, मग तुझ्या बायकोचा फोटो कुठंय?"

सगळे मुकिंदाकडे बघायला लागले. तो म्हणाला, "तिला सवड नसते."

चावडी हसली. पण ते हसणं काही बरं नव्हतं.

कोपऱ्यात पाण्याची घागर घेऊन ठकूबाई उभी होती. तिने हे ऐकलं. घरी आल्यावर तिने भाकरी वाढली, समोर बसली आणि म्हणाली, "राहीबाईचं काय चुकलं? सहा वर्षं झाली आपल्या लग्नाला. मला का नाही बसवलं कधी?"

मुकिंदाने घास खाली ठेवला. म्हणाला, "पहिला फोटो मी आईचा काढला होता. ठणठणीत होती. शेंगा फोडत बसलेली, तशीच काढली. तिसऱ्या दिवशी गेली. मी कुणाला बोललो नाही."

"म्हणजे तुम्हालाही तसंच वाटतं?"

"मला माहीत नाही, ठकू."

"माहीत नाही, आणि अकरा घरांत शिरलात?"

"ते जाणारच होते. म्हणून तर तेवढ्यांकडेच गेलो. धडधाकट माणसावर पेटी रोखायचा मला धीरच होत नाही."

ठकूबाई त्याच्याकडे बघत राहिली. सगळ्या गावाचा संशय एकीकडे, आणि हा समोर बसलेला एकीकडे. मग तिने ताट उचललं, हात धुतले आणि म्हणाली, "उद्या मला बसवा. चावडीसमोर, सगळ्यांदेखत."

"आणि तुला काही झालं तर?"

"झालं तर पेटी फोडा आणि बापाचा धंदा करा. पण माझं लेकरू असल्या संशयात वाढायचं नाही. गावाच्याही नाही आणि तुमच्याही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. नारबा पाटलाने सगळ्यांसमोर शब्द दिला: बाळंत होऊन सव्वा महिना मायलेकरं जगली, तर जिनगर या गावचा. दोघांतलं एकही दगावलं, तर पेटी होळीत जाईल आणि हा घाटाखाली.

ठकूबाई दगडावर बसली. मागून एक म्हातारी बोलली, "पदर नीट घे गं, लांब जायचंय तुला."

"तुमच्या आधी नंबर नाही लावत, आत्याबाई," ठकूबाई म्हणाली.

मुकिंदाचा हात टोपणावर गेला आणि तिथेच थांबला. लोक बघत होते. ठकूबाई ओठ न हलवता म्हणाली, "मोजा की. का मीच मोजू?"

त्याने टोपण काढलं. एक, दोन, तीन. तेव्हा चिंचेवरच्या साळुंक्यासुद्धा गप्प झाल्या होत्या, असं म्हणतात. सातावर ठकूबाईच्या पोटात लाथ बसली. ती हलली नाही. पण पोट हललं.

दोन दिवसांनी फोटो कागदावर उतरला. ठकूबाई लख्ख उमटली होती. नाकातली मोरणी, पायातली जोडवी, सगळं दिसत होतं. फक्त पोट हललं होतं तेवढ्या जागी धूर. राहीबाईने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "बघा. पोराला चाटलं पेटीने."

मग सुरू झालं गावाचं वाट बघणं. रोज सकाळी काहीबाही मागायला बायका यायच्या. एक विस्तवाला, एक मिठाला, एक चाळणीला. मागायचं विसरूनच जायच्या, नुसतं ठकूबाईचं तोंड निरखायच्या. ती दारातूनच सांगायची, "आहे हो अजून. उद्या या."

मुकिंदाने पेटी दोरीने बांधून टाकली आणि बाहेर बसून जीन शिवायला लागला. पण दिवसातून दहा वेळा उठून तो फोटो बघायचा, धूर वाढला का म्हणून. धूर वाढत नव्हता. रोज थोडा थोडा विरत होता, असं म्हणतात. आणि ज्या सकाळी ठकूबाईला कळा सुरू झाल्या, त्या सकाळी त्या धुरात खालच्या अंगाला एक पाऊल उमटलेलं दिसलं. इवलंसं, पाच बोटांचं.

राहीबाईला निरोप गेला. ती म्हणाली, "मी त्या उंबऱ्याला शिवणार नाही. उद्या काही झालं तर माझ्या हाताला बट्टा." उन्हं वर आली. कळा चालूच राहिल्या, मूल काही येईना. शेवटी मुकिंदा फोटो घेऊन धावत तिच्या दारात गेला. "आत्या, येऊ नका. पण हे काय आहे तेवढं सांगा. तुम्हाला कळेल."

राहीबाईने फोटो उजेडात धरला. तिच्या संशयी डोळ्यांनी उभ्या जन्मात हजार पोटं बघितली होती. तिने पाऊल बघितलं, पाऊल कुठे आहे ते बघितलं, आणि हातातलं सूप टाकून उठली. "अरे मेल्या, आधी नाही दाखवायचं? पायाळू आहे लेकरू! चल!"

पुढचं मुकिंदाला दाराबाहेरच ऐकू आलं. राहीबाईच्या शिव्या, ठकूबाईचं कण्हणं, पुन्हा शिव्या. धर्मशाळेसमोर सगळं गाव येऊन उभं राहिलं. सूर्य डोक्यावरून कलला. मग आतून एक बारीक रडणं आलं, आणि पाठोपाठ राहीबाईचा आवाज, "मुलगी आहे! आई बरी आहे! आणि बाहेरच्यांनो, घरी जाऊन पाणी तापवा कुणीतरी, नुसते काय बघताय?"

सव्वा महिन्याने ठकूबाई लेकीला घेऊन देवाला निघाली. मुद्दाम चावडीवरून गेली. नारबा पाटील जागचा उठून उभा राहिला. ते सगळ्यांनी पाहिलं.

तरी लोक फोटोला लगेच आले नाहीत. संशय आला की पाहुण्यासारखा चार दिवस जास्तच राहतो. पहिली आली राहीबाईच. "बसव मला. पण दहापर्यंत नको, पाचच मोज." ती त्यानंतर शंभर वर्षांची होऊन गेली, असं म्हणतात.

मुकिंदाने मात्र पुढे कधीही अंथरुणावरच्या माणसाचा फोटो काढला नाही. बोलावणं आलं की पेटी घरी ठेवून नुसती एक खुर्ची घेऊन जायचा. ती अंगणात उन्हात ठेवायचा, दाराकडे तोंड करून, आणि आत सांगायचा, "फोटो इथे काढीन. उठून या." मग शेजारी जीन शिवत बसायचा. नारबा पाटील तापाने फणफणला तेव्हा मुकिंदा नऊ दिवस बसला होता. नवव्या दिवशी पाटील भिंत धरत धरत बाहेर आला आणि खुर्चीत बसला. दवा लागू पडली म्हणून उठला, असं म्हणतात. हा जिनगर जातच नाही म्हणून वैतागून उठला, असंही म्हणतात. सगळेच काही उठले नाहीत. जो उठला नाही, त्याच्या दारातली खुर्ची मुकिंदा मुकाट्याने उचलून न्यायचा.

आता मुकिंदा नाही, ठकूबाई नाही, ती पायाळू लेकही सासरी नांदून, म्हातारी होऊन गेली. पण आमच्या माळेवाकडीत आजही कुणी अंथरूण धरलं की घरचे आधी अंगणात खुर्ची ठेवतात. तिच्यावर दुसरं कुणी बसत नाही. तालुक्याचे डॉक्टर एकदा चुकून बसले, तर घरातल्या बायका अशा ओरडल्या की ते औषधाची पिशवी टाकून उठले. माणूस बरा झाला की पहिल्यांदा त्या खुर्चीत बसतो, आणि कुणीतरी मोबाईलवर फोटो काढतं. म्हणून आमच्या भिंतींवरची माणसं नटलेली नाहीत. गालफडं बसलेली, शाल गुंडाळलेली, उन्हाने डोळे बारीक केलेली आहेत. पण सगळी उठून आलेली आहेत.

सध्या वरच्या आळीत गोदाबाई तेलिणीने अंथरूण धरलंय, तिच्या अंगणात एक खुर्ची आहे. बारा दिवस झाले. लोक येता-जाता तिरप्या डोळ्यांनी बघतात. आज सकाळी खुर्ची रिकामीच होती, पण घराचं दार किलकिलं होतं आणि चौकट धरलेला एक हात दिसत होता.