वाघोबाचं पान

उधाजी राजाच्या लेकीचं लग्न ठरलं अन् देवराईवर संक्रांत आली!

राजाला मांडव पायजे व्हता असा उंच, की वर बघून बघून व्याह्याची मान मोडावी. तसले खांब एकाच ठिकाणी व्हते, करंजदऱ्याच्या वाघोबाच्या राईत. तिथं कधी कुणी काटकी मोडली नव्हती. शेकरं उड्या मारायची, वानरं भांडायची, अन् वाघ? त्याची मर्जी व्हईल तिथं बसायचा. झाडांच्या बुडातनं झरा निघायचा, त्यावर सगळं गाव प्यायचं. राई गेली की झरा गेला, झरा गेला की गाव उठलं!

गाव वाड्यावर जाऊन रडलं. राजा म्हणला, "वाघोबाचा मान ठेवलाय मी! लग्नाची पहिली अक्षत त्यालाच दिली, माझ्या हातानं!"

ते खरं व्हतं. ढोल वाजवत आला व्हता अन् वाघोबाच्या दगडापुढं ओरडला व्हता, "सहकुटुंब सहपरिवार या! जेवल्याशिवाय जायचं नाही!" तेवढ्यात राईत कायतरी गुरगुरलं. मग काय, घोडा मागं राहिला अन् राजा आधी वाड्यावर पोचला!

मध काढणाऱ्या लुमाची लेक झुंबरी पुढं झाली. "सरकार, उभे खांब आडवे करायचे, अन् आडवे पुन्हा उभे करायचे. हात शिवशिवतात व्हय?"

कारभारी खेकसला, "गप गं! मधमाशीवानी गुणगुणू नको!"

"मधमाशीच हाय मी. पोळ्याला हात लावा, मग बघा!"

राजाला राग आला अन् मजाबी वाटली. "असं? मग मांडव तूच घाल! शेकडो खांब हवेत, पण एकही तोडलेला नको. छप्पर हिरवं हवं, पण सुकता कामा नये. वाजंत्री अशी हवी, की सुपारी मागणार नाही! जमलं नाही, तर राईवर पहिली कुऱ्हाड तुझ्या बापानं घालायची!"

लुमाचं तोंड उतरलं. झुंबरी म्हणाली, "घालते मांडव. पण समदं लग्नाच्या रीतीनं झालं पायजे."

"रीत? आम्हाला शिकवतेस?" राजानं मिशीला पीळ दिला. "आजोबांच्या लग्नात पहिल्या अक्षतीचा पाहुणा, त्यांचा मामा, रुसून बसला. तो जेवेपर्यंत मांडवाची दोरी सोडली नाही आम्ही! दिवाळी आली, मांडवात शेळ्या व्याल्या, पण रीत म्हणजे रीत!"

"बरं," झुंबरी म्हणाली अन् पदराआड हसली.

लग्नाचा दिवस उजाडला. झुंबरीनं वऱ्हाड वाजतगाजत थेट राईत नेलं. आतली मोकळी जागा झाडलेली, शेणसडा घातलेला, रांगोळी काढलेली. बाकी काय नाय!

"मांडव कुठाय?" राजा गरजला.

"डोस्क्यावर! खांब मोजा, तोडलेला सापडला तर सांगा. अन् वाजंत्री ऐका!"

वर पाखरांनी नुसता कालवा मांडला व्हता. व्याह्यानं मान वर केली, वर केली, तशी पगडी मागं पडली. वानरानं ती उचलून आपल्या डोस्क्यावर ठेवली! वऱ्हाड लोटपोट. व्याही टकलावर हात फिरवत म्हणला, "राजे, असा मांडव सात पिढ्यांत बघितला नाही!"

राजा फुगला. लग्न लागलं, पंगती उठल्या, लेक सासरी गेली.

सकाळी कारभारी राजाच्या कानाला लागला. "सरकार, लग्न झालं. आता मांडव उतरवायला कोण अडवतंय? नव्या माडीला लाकूड होईल!"

राजाला पटलं! लाकूडतोडे घेऊन दोघं राईत आले. लुमाच्या हातात कुऱ्हाड दिली.

झुंबरी म्हणाली, "उतरवा की! लग्न झाल्यावर मांडव ठेवतंय कोण? तेवढं पहिल्या अक्षतीचा पाहुणा जेवला का, एवढं सांगा."

"कोण पाहुणा?"

"वाघोबा! 'जेवल्याशिवाय जायचं नाही' कोण म्हणलं व्हतं?" झुंबरीनं बोट दाखवलं. दगडापुढं कालचं पान तसंच मांडलेलं. बुंदीला तेवढ्या मुंग्या लागल्या व्हत्या. "शिवलाबी नाय! रुसलाय जणू. आता यजमानानं आत जाऊन, हाताला धरून, पाटावर बसवायचं. रीत म्हणजे रीत!"

तेवढ्यात आतनं आवाज आला, "घुर्रर्र!"

लाकूडतोडे पळाले. राजा हळूच म्हणला, "कारभारी, तुम्ही जाता का बोलवायला?"

"छे छे, सरकार! तो मान यजमानाचा!" कारभारी झाडामागनं बोलला.

राजानं पानाकडं बघितलं, राईकडं बघितलं, आपल्या पोटाकडं बघितलं. अन् असा हसला, असा हसला, की खालीच बसला! "अगं पोरी, मी आग्रहाला गेलो तर पानात मीच पडायचा! जा, वाघोबा पंगतीला बसून ढेकर देत नाही, तोवर या मांडवाचं पानसुद्धा कुणी तोडायचं नाही! माझ्या नातवंडांनीसुद्धा नाही!"

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं झुंबरीला दिलं, अन् राईची राखण तिच्या घराण्याकडं सोपवली.

"अन् सरकार, पाहुण्याला जेवायला हाक कुणी मारायची?"

"कारभारी मारतील! दर वर्षी, याच दिवशी!"

तवापासनं कारभारी दर वर्षी राईच्या कडेला पान मांडायचा अन् वाघोबाला हाक मारायचा. पण इतक्या हळू, की पानावरच्या मुंगीलाबी ऐकू जायची नाय!