गळक्या नावांचं राज्य

एका राज्यात मानसं मुद्दाम वाईट काम करायची. कुंभार मडक्याला चीर ठेवायचा, गवंडी भिंत आतनं पोकळ ठेवायचा, आई लेकराला शिकवायची, "नीट करू नगं, बाळा." खुळी न्हवती ती मानसं. राजाचा कायदाच तसा व्हता. जे चांगलं ते गडाचं, अन् करनाराबी गडाचा.

राजाकडं मांत्रिकानं दिलेला पोपट व्हता. तो गावोगाव उडायचा. नीट वस्तू दिसली की वरडायचा, "गडाचं!" तेवढ्यानं करनारा दगड व्हायचा. शिपाई वस्तू न् दगड दोन्ही उचलून गडावर न्यायचे अन् कुलूप ठोकायचे. राज्य पार भिकेला लागलं. नदीपल्याड तीच माती, तसलीच मानसं, पन त्यांची घरं चिरेबंदी.

गिरजीचा नवरा हैबती नावा बांधायचा. समद्या गळक्या. एकदा पोरगी तापानं फणफणली. वैद्य पल्याड. हैबतीनं एक नाव नीट बांधली, पोरीला नेऊन जगवली, वैद्याकडंच ठेवून माघारी आला. काठावर पोपट बसलेला. गिरजीच्या डोळ्यांदेखत तिचा मानूस दगड झाला.

ती गडावर गेली. "महाराज, माझा मानूस द्या."

राजा म्हनला, "तुटनार न्हाई असा दोर, गळनार न्हाई असं मडकं, बुडनार न्हाई अशी नाव आन. मग ने."

"अन् ते करनारे?"

"ते गडाचे."

असला हा राजा!

गिरजी ठकूआजीकडं गेली. आजी दोर वळायची. म्हनली, "माझं काय राह्यलंय आता? आन ती अंबाडी, वळते दोर." आजीचे हात नीट वळायचं विसरले व्हते. रडत रडत वळला तिनं. पोपट वरडला. आजी दगड.

येसू कुंभार म्हनला, "वहिनी, जल्मात एक तरी मडकं सरळ करून बघू दे की!" झालेलं मडकं बघून हसला, अन् तसाच हसता हसता दगड.

राह्यली नाव. ती बांधायला गिरजीबिगर कोन व्हतं? आधी ती गळक्या नावंतनं, पानी उपसत, पल्याड लेकीला भेटाया गेली. वैद्य म्हनला, "बाई, हितंच ऱ्हा. हितं वस्तू करनाऱ्याची. राजाला पायजेल तर तो मागतो. न्हाई म्हटलं तर न्हाई."

"अन् माझा मानूस?" असं म्हनून ती माघारी आली. नाव बांधली.

त्याच दिवशी नदी फुगली. गडाच्या पोकळ भिंती धडाधड पडल्या. हिसकून आनलेल्या चांगल्या नावा तळघरात कुलपात, अन् तळघर पान्याखाली. राजा पोपटाला घेऊन बुरुजावर चढला. खाली गिरजी नाव घेऊन आली.

"पोपटा, वरड!" राजा म्हनला.

पोपट म्हनला, "वरडलो तर बाई दगड. वल्हं कोन मारंल, महाराज?"

राजानं जल्मात पहिल्यांदा हात जोडले. "बाई, तुझी नाव... देतीस का?"

राजानं मागितलं तसा पोपट मरून पडला. शाप तुटला. वरच्या सोप्यात ठेवलेली ठकूआजी खोकत उठली, येसू उठला. अन् पान्याखालनं दार बडवल्याचा आवाज आला.

हैबती तळघरात व्हता.

गिरजीनं नाव तिकडं वळवली. पान्यात वल्हं खुपसून कुलूप हानलं, हानलं, हानलं. कुलूप चांगल्या लोहारानं घडवलेलं. तुटलं न्हाई. मग आतला आवाज थांबला.

तिनं आजीला घेतलं, येसूला घेतलं. मग राजालाबी घेतलं. का घेतलं, तिलाच ठाव.

राजानं कायदा मोडला, दवंडी पिटली. आता तिथली मडकी सरळ, भिंती भरीव, पोरं काम नीट शिकत्यात. दरसाल पान्याच्या दिवसांत राजा पायी गिरजीच्या दारात येतो.

"बाई, नाव देतीस?"

"न्हाई."

अन् राजा मुकाट माघारी जातो.