आपू जुमातियाचा शेवटचा ठिपका

फार फार वर्षांपूर्वीची, बासिलान बेटावरची ही हकिगत. तिथल्या याकान लोकांत नवरीचा चेहरा तांदळाच्या पिठीनं रंगवायचा. कपाळापासून हनुवटीपर्यंत बांबूच्या काडीनं पांढरे ठिपके, एकासारखा एक. लागुनान गावात हे काम म्हाताऱ्या जुमातियाकडे. सारं गाव तिला आपू, म्हणजे आजी म्हणे. रिवाजाप्रमाणे लग्नानंतर तीन रात्री नवरानवरीच्या मध्ये निजायचं कामही तिच्याच गळ्यात. त्यामुळे तिची कंबर कायम धरलेली आणि डोकं कायम तापलेलं असे, असं म्हणतात.

एकदा सालिहा नावाच्या मुलीचं लग्न होतं. आपूनं ठिपके काढले, पोरीनं रडून धुऊन टाकले. पुन्हा काढले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पिठी कालवताना आपू कडाडली, "अगं, मी चेहरा रंगवतेय की तांदूळ धुतेय?"

बाहेर काशाच्या घंटा वाजू लागल्या. नवरा इंदासान घोड्यावरून दारात आला होता आणि सूर्य मावळायच्या आत लग्न लागायला हवं होतं. बायका आपूच्या मागे लागल्या, "दोन ठिपके दे आणि उरक!"

"उरक म्हणे! माझंही लग्न असंच उरकलं होतं. तुला काय हवंय, एवढं एकीनं विचारलं नाही." आपूनं सालिहाची हनुवटी धरली. "तू बोल गं. काय झालंय?"

"त्याची आई म्हणते, हातमाग आणू नकोस, घरात जागा नाही," सालिहा हुंदके देत म्हणाली. "आईचा माग आहे तो, आपू. आई गेली, तेवढाच राहिलाय."

कमरेला बांधायचा माग! गुंडाळला तर काखेत मावेल एवढा! आपूनं कपाळावर हात मारून घेतला. मग तिनं पोरीचे डोळे पुसले, सगळे ठिपके पुरे केले, फक्त भुवयांमधला राखला. आणि काडी घेऊन ती थेट खांबांवरच्या त्या घराच्या शिडीवर जाऊन बसली.

"मागाला जागा होईपर्यंत शेवटचा ठिपका लागायचा नाही!"

नवऱ्याची आई भडकली. लग्न लावायला आलेले इमाम सूर्याकडे बोट दाखवून थकले. आपू हलली नाही. आणि सूर्यही हलला नाही. माडाच्या शेंड्याला टेकून तो तसाच राहिला, असं म्हणतात. झोपायला निघालेल्या कोंबड्या परत अंगणात आल्या.

शेवटी इंदासान घोड्यावरून उतरला. "आई, मी पायी येतो. घोड्यावर माग येईल."

"आणि घरात कुठं ठेवशील?"

"माझ्या चटईवर."

आपूनं आत जाऊन ठिपका ठेवला, तसा सूर्य एकदम बुडाला. त्या रात्री, "माझी कंबर आता नाही चालत," असं म्हणत तिनं नवरानवरीच्या मध्ये तो मागच ठेवला आणि घरी जाऊन गाढ झोपली.

अजूनही लागुनानमध्ये नवरीचा शेवटचा ठिपका राखून ठेवतात. रंगवणारी आपूचं नाव घेते आणि विचारते, "बाई, तुला काय न्यायचंय?" नवरी सावकाश विचार करते. नवऱ्याकडचे उन्हात ताटकळतात, घाम पुसतात, चिडचिड करतात. करू देत. आपूसाठी सूर्य थांबला, तिथं त्यांची काय कथा!