केरबा बायकोचं डोकं दाखवायला जातो

मंगळवार, सकाळचे नऊ. स्थळ, तालुक्याचा सरकारी दवाखाना. रांगेत हिंगणमाळचा केरबा उभा होता. माणूस इतका भोळा, की ‘जेवून जा’ म्हटलं तर जेवायचा आणि तसाच जायचा. हात धुवायला कुणी सांगितलेलं नसायचं.

दुखणं बायकोचं, अनसूयेचं होतं. तिचं शिवणयंत्र आठ दिवस बंद. शाळेचे चाळीस गणवेश पडून.

“मला उजेड सोसत नाही, तुम्ही जा,” ती म्हणाली होती. “केसपेपर माझ्या नावाने काढा. मी सांगते तस्सं सांगा. एक शब्द बदलू नका.”

कानाच्या डॉक्टरसमोर केरबा म्हणाला, “माझं अर्धं डोकं ठणकतं. कान गच्च होतात, नाक गळतं, घशाशी मळमळतं. मी अंधारात पडून राहते.”

डॉक्टरांनी मान वर केली नाही. केरबाच्या कानात बॅटरी मारली. “कापूस घाल.”

केरबाने घातला. घरी अनसूया पाणी मागून थकली. शेवटी तिने कापूस उपटला. “अहो, दुखणं माझं! तिथे सांगतील ते घरी येऊन मला करा!”

“बरं.”

बुधवारी नाकाचे डॉक्टर म्हणाले, “मान मागे कर.” केरबा उठला, तीन कोस धावला आणि झोपलेल्या अनसूयेची मान मागे केली. तिने उशी फेकून मारली. तो परत तीन कोस गेला.

डॉक्टर भडकले. “इथे सांगितलेलं इथेच करायचं!”

“बरं.”

शुक्रवारी घशाचे डॉक्टर म्हणाले, “मिठाच्या पाण्याने रोज तीनदा गुळण्या कर.” केरबाने तिथेच केल्या. तिन्ही. टेबल भिजलं.

“गाढवा! आता मी काहीही विचारलं की नुसतं ‘हो’ म्हणायचं. कळलं?”

“हो.”

घसा सोडून डॉक्टरांनी बॅटरी वर नाकात वळवली. “नाकाचं हाड वाकडं आहे. ऑपरेशन करू?”

“हो.”

हाड जन्मापासून वाकडं होतं. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

सोमवारी केरबा नाकाला पट्टी बांधून घरी आला. “अगं ऊठ! झालं तुझं ऑपरेशन! कसं वाटतंय?”

अनसूया उठली. डोळ्यांवर पदर ओढून स्वतः दवाखान्यात गेली. तिथल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पाहिलं, हेच विशेष.

“ही अर्धशिशी. कान गच्च होणं, नाक गळणं, मळमळणं, सगळं तिच्याबरोबर येतं. नाकाला हात लावायचं कारणच नव्हतं.”

“नाही लावला,” अनसूया म्हणाली. “माझ्या नाही.”

गोळ्या मिळाल्या. यंत्र सुरू झालं. गणवेश गेले.

केसपेपर दवाखान्यात आहे. ‘अनसूया, स्त्री, वय चौतीस.’ खाली तीन डॉक्टरांच्या तीन सह्या. केरबाला मिशा आहेत, झुबकेदार. ऑपरेशन नाकाचं झालं. मिशा नाकाच्या बरोबर खाली असतात. त्या तिघांनाही कशा दिसल्या नाहीत, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.